चांगुणाचा जबाब

हॅलो?… हॅलो, कोण?… शुभ्रा होय? हं, बोल. शाहीनच बोलतेय… छे गं, झोपेत कशाला असेन, संध्याकाळचे साडेसहा वाजलेत. आवाजच तसा झालाय… सर्दी नाही. काही नाही. तू बोल.

हो… हो… सांगितलं अम्मीनं, दुपारी तुझा फोन येऊन गेला, मला मंडळात सभासद करून घेतलं ते. मी घरी पोचायच्या आधी अख्ख्या आळीला सांगून झालं होतं तिचं. स्टँडवर उतरले तर पानवाला म्हणतो, काय वकीलसाहेब, पेढे कुठायत?… हो ना… हं.

हो… हो… रविवारी समारंभ, हं… दहा वाजता, हो… काळा कोट, बिल्ला, बरं… हो… हो… काय? काय लिहून घेतलंस?… अगं थांब. थांब थांब थांब! मी येते असं कधी म्हटलं?… अगं 'हो' म्हटलं ते ऐकतेय म्हणून! ऐकतेय, पुढं बोल, एवढंच. येते म्हणून नाही म्हटलं… हसू नकोस. शुभ्रा, हसू नकोस, तुला शपथ आहे माझी. हसण्यासारखं यात काही राहिलेलं नाही.

सांगते… सांगते गं, आधी मला सांग, तू बोलतेयस कुठून?… कॉलेजातून, कायदा-मदत मंडळाच्या खोलीतून? आणखी कोण आहे तिथं?… मालिनी मॅडम आहेत? बरं झालं. असू देत. मंडळ त्याच चालवतात, त्यांनाही कळायलाच पाहिजे.

आज पासलीला जाऊन आले मी… पासली. वेल्ह्याच्या पुढं, डोंगरात. चांगुणाचं गाव… कोण चांगुणा? कमाल आहे बाई तुमची! जिच्या जबाबावर मला सभासद करून घेतलंत ती चांगुणा. त्या लोखंडी कपाटात जिची फाईल आहे ती… हां, तीच. मुलीच्या ताब्याची केस.

तिची पोरगी घेऊन गेले आज.

कोण म्हणजे? नवरा, आणखी कोण? जीप करून आला होता कामथडीहून. बरोबर एक पोलीस आणि हातात कोर्टाचा हुकूम. निकाल लागेपर्यंत मुलगी बापाकडं राहील, असा… मंगळवारीच झाला हुकूम. मला काल कळलं. म्हटलं, आपण जाऊन तिला नीट समजावून सांगू, पुढं काय करता येईल ते सांगू. पहिल्या गाडीनं नसरापूरला गेले, तिथून वेल्हा, वेल्ह्याहून पुढं एका टेम्पोत बसून. पोचले तर माझ्या आधी जीप उभी.

नाही. ओरडली नाही. रडलीसुद्धा नाही त्यांच्यासमोर. पोरीला पुढ्यात घेऊन वेणी घालत बसली. पोलीस म्हणाला, बाई आवरा. तर म्हणाली, व्हय, आवरतेच हाय, तेवढी रिबीन बांदू द्या. आणि मग घाईत चपला उलट्या घातल्या गेल्या पोरीला. डाव्या पायातली उजव्या. कुणाच्याच लक्षात आलं नाही. माझ्या आलं. पण मी तिथं तोंड उघडायच्या लायकीची होते का?

अम्मी, नगं मला चा… न्हाई म्हटलं ना… व्हय, पुण्याचाच फोन हाय. त्याच पोरीचा. पेढे नगंस आणू आत्ता कुणाला… आगं न्हाई, ठेव त्ये तसंच. मंग सांगते.

हां बोल. अम्मी होती… काय?… कोर्टाचा निकाल आपल्या हातात नसतो? अगं बये, हा होता! हाच तेवढा आपल्या हातात होता. तिची इंदी साडेचार वर्षांची आहे. पाच वर्षांच्या आतलं पोर आईकडंच राहायचं, सहसा. पहिल्याच वर्षी घोकून घेतात ना आपल्याकडून? तिच्या वकिलाला नुसतं उभं राहायचं होतं. मंडळानं तिच्याकडं बघितलंसुद्धा नसतं, तरी आज पोरगी तिच्या घरी भात खात असती.

आपल्या कागदानं घात केला. माझ्या. आपल्याच वकिलांनी कोर्टात लावलेला, मंडळाचा शिक्का मारलेला, माझ्या अक्षरातला जबाब. रकाना सात. काढ फाईल. काढ, कपाट तिथंच आहे ना तुझ्यामागं? काढ आणि वाच… थांबते मी.

हं. वाच मोठ्यानं… "मुलीस आपण स्वखुशीने सासरी ठेवून माहेरी निघून आलात, हे खरे आहे काय?" पुढं?… पुढं काय लिहिलंय?… होय. स्वच्छ, सुवाच्य, 'होय'. खाली अंगठा. समोरच्या वकिलानं दुसरं काही केलंच नाही, तेवढी ओळ वाचली. म्हणाला, आई स्वतःच सांगतेय, पोर मी आपखुशीनं सोडलं. मग कोर्ट तरी काय करणार?

नाही, ती असं म्हणालीच नाही. ऐक. अगं ऐक ना, मधे बोलू नकोस.

मी नवऱ्याची नोटीस हातात घेऊन बसले होते. आपली पद्धत तीच ना, समोरच्याचं म्हणणं एकेक वाचून दाखवायचं आणि होय की नाही ते लिहायचं. मी वाचलं, तू पोरीला आपल्या खुशीनं ठेवून निघून आलीस. ती म्हणाली, "व्हय…" असं लांबवून, मान हलवत. म्हणजे काय? म्हणजे ऐकलं. म्हणजे असं म्हणत्यात खरं ते, कळलं मला, आता माझं सांगते. पुढं सांगतच होती ती! आई वारली म्हणून दहाव्याला आली होती माहेरी. पोर तापानं फणफणलेली, सासू म्हणाली राहू दे हितंच, दहा दिवसांचा तर प्रश्न. दहाव्यानंतर परत गेली तर दाराला आतून कडी. महिनाभर फेऱ्या मारल्या तिनं पासली ते कामथडी, आणि शेवटी अंगणवाडीतून पोर उचलून आणली. हे सगळं सांगितलं तिनं मला. तासभर. मी रडले ऐकताना, खरंच रडले. आणि रडून झाल्यावर डोळे पुसून 'होय' लिहिलं.

कारण रकान्यात दोनच शब्द बसतात, शुभ्रा! होय, नाही तर नाही. बाकीचं 'इतर माहिती' मध्ये, चार ओळींत. चार ओळींत तिचं दहावं बसलं, कडी नाही बसली. जागा संपली.

काय?… तुम्हाला कसं कळणार? तुमचं कोण म्हणतंय! तू पुण्यात वाढलेली, तुला एक वेळ माफ. मी भोरची आहे! माझी अम्मी दिवसभर व्हय व्हय करत असते. दूधवाला म्हणतो उद्या येणार न्हाई, अम्मी म्हणते व्हय. शेजारीण म्हणते तुमच्या पोरीनं माझी कुंडी फोडली, अम्मी आधी म्हणते व्हय आणि मग अर्धा तास भांडते. आमच्याकडं 'व्हय' म्हणजे नुसतं तोंड उघडणं गं, बोलणं पुढं असतं. हे मला आईच्या दुधाबरोबर मिळालंय. आणि मीच…

का केलं, सांगू? राग येणार नाही ना?… आला तरी येऊ दे. मला सभासद व्हायचं होतं. तीन वर्षं झाली, शुभ्रा. पहिल्या वर्षी लेखी परीक्षेत पहिली आले आणि युक्तिवादाला पडले. आठवतंय? बोलताना 'हितं' म्हणून गेले. मागून कुणीतरी म्हणालं, कुठल्या यष्टीनं आलीस? सगळा हॉल हसला. तूही हसलीस… हसलीस गं, मी बघितलं. जाऊ दे ते. दुसऱ्या वर्षी 'न्हाई' तोंडातून निसटलं. यंदा घरी आरशासमोर उभी राहून म्हणत होते, नाही, इथे, कुठे, आम्ही. अम्मी म्हणायची, पोरीला याड लागलंय. आणि युक्तिवाद पार पडला एकदाचा. राहिला तो जबाब. तुमच्या त्या माहितीपत्रकात काय लिहिलंय? जबाब शुद्ध भाषेत असावा. केला शुद्ध. असा शुद्ध केला की त्यातली चांगुणाच गेली.

मॅडमनी शेरा काय मारला होता, तू मघाशी कौतुकानं वाचून दाखवलास तो?… "नेमका आणि निःसंदिग्ध." घ्या! कपाळ माझं.

ऐक आता, मी काय ठरवलंय ते. सोमवारी पुढची तारीख आहे. मी प्रतिज्ञापत्र करणार. जबाब मी घेतला, ती 'व्हय' म्हणाली ते ऐकल्याचं होतं, कबुली नव्हती, पुढचं सगळं ती सांगत असताना मी लिहिलं नाही. माझ्या नावानं, माझ्या सहीनं… काय?… मॅडमना देतेस? दे. दे की.

नमस्कार, मॅडम… हो मॅडम… हो… म्हणजे, ऐकतेय, मॅडम.

…नाही मॅडम, भावनेच्या भरात नाही. पासलीहून परत येताना तीन तास गाडीत बसून विचार केलाय… हो, आपल्या वकिलांशी बोलले. ते म्हणाले, उपयोग होईलच असं नाही, पण दुसरं हातात काही नाही.

…हो, समजलं… म्हणजे तुमचं म्हणणं, तिचाच नवा जबाब घ्यायचा? आणि त्यात लिहायचं की आधीचं बोलताना ती गोंधळली होती?… नाही मॅडम. ती गोंधळली नव्हती. मग तर समोरचा वकील म्हणणार, बाई आधी एक सांगते, मग दुसरं सांगते. आणि ते तिच्या कपाळी कायमचं. ती नाही फिरली, मॅडम. तिचं बोलणं मी फिरवलं.

…तिला विचारलं का?… विचारलं. जीप गेल्यावर विचारलं. तिच्या ओट्यावर बसले होते, तिनंच पाणी आणून दिलं मला. म्हटलं, चांगुणाबाई, माझ्या हातून चूक झाली, तुमी बोलला न्हाई ते म्या लिवलं. तर ती म्हणाली, तुमी शिकल्याल्या बायका, तुमी लिवलं ते बराबरच आसंल, माझंच बोलायचं चुकलं आसंल. माझ्यावर ओरडली असती तर बरं झालं असतं, मॅडम. माझीच समजूत घालत होती ती.

…हो… मंडळाचं नाव, हो, कळतंय… तीस वर्षांचं नाव… हो. सगळ्याच जबाबांवर संशय घेतील, खरंय… घेऊ देत की मॅडम. घ्यायलाच पाहिजे. तुम्हाला नाही वाटत?

…नियम माहितीय मला. जबाब सदोष आढळला तर सभासदत्व नाही, आणि पुन्हा अर्जही करता येत नाही. पाठ आहे… हो, पुढं वकिलीची सनद घेताना हे आड येईल, तेही कळतंय… नाही, वडिलांना अजून नाही सांगितलं. अब्बा दुकान बंद करून पेढे घेऊनच येतील आता. सांगेन ना. माझं मी बघेन.

खोडा नाव. फळ्यावर लिहिलं असेल तर पुसून टाका… नाही मॅडम, उद्धटपणा नाही, खरंच. तुम्ही मला चांगलं शिकवलंत. पण आज तो उलट्या चपलांचा… काही नाही. सोडा. हो… द्या तिच्याकडं.

अम्मी, दारात कोण आलंय बघ गं… आब्बा आस्तील तर त्यास्नी जरा भाईर बसीव. म्या येते… न्हाई, रडत न्हाई म्या.

हां शुभ्रा… मॅडम गेल्या का खोलीतून?… बरं. चिडल्या असतील… चिडू देत.

…तू कशाला सॉरी म्हणतेस? तुझा काय दोष? तुझ्या फाईलवरून मी शिकले इतकंच. परीक्षेच्या आधी नमुना म्हणून दिली होतीस ना मला, तुझी स्वतःची. तुला जिच्यावर सभासदत्व मिळालं ती. तिच्यातला एकेक रकाना बघून मी माझा कागद आखला. प्रश्न कसा विचारायचा, उत्तर कसं लिहायचं, सगळं तुझ्यासारखं. अगदी ओळी सोडायच्या त्यासुद्धा…

…ऐकतेयस ना?

शुभ्रा?… नाही, मी तसं काही म्हणत नाहीये… अगं मला आत्ताच आठवलं, खरंच आत्ता बोलता बोलता. तुझ्या त्या फाईलमधला माणूसही आमच्याकडचाच होता ना? भोरच्या वर, हिर्डोशीचा. सोनबा. भावाच्या खुनात धरलेला… हो, तुरुंगात जाऊन जबाब घेतला होतास, केवढं कौतुक झालं होतं तुझं. मग त्यानं गुन्हा कबूल केला ना कोर्टात?… का केला?… वकिलांनी सांगितलं म्हणून. आणि वकिलांनी का सांगितलं?… तुझा जबाब वाचून. म्हणजे, हा कबूलच करतोय, मग कोर्टातही करू दे, शिक्षा तरी कमी होईल, असंच ना?… किती झाली?… सात. सात वर्षं. आणि दोनसुद्धा झाली नाहीत अजून.

पहिलाच प्रश्न तो होता ना? तोंडपाठ आहे मला. "भाऊ सावळाराम यास तुम्ही दरडीवरून खाली ढकलले, असे फिर्यादीचे म्हणणे आहे. हे खरे आहे काय?" आणि उत्तर, होय.

तो 'होय' म्हणाला?… शुभ्रा, हिर्डोशीचा सत्तरीचा म्हातारा 'होय' नाही म्हणत. वरंध्याच्या अंगाला कुणीच 'होय' म्हणत नाही. काय म्हणाला तो?… म्हण. माझ्या गळ्याची शपथ, म्हणून दाखव, कसा म्हणाला.

…आणि मान?… खाली घालून, हलवत. हो. तसाच म्हणाला असेल.

आणि थांबला का तिथं? की पुढं बोलत होता?… आठव. एवढं आठव… बोलत होता. मग?… मग तू काय केलंस?… दुसरा प्रश्न विचारलास. हो. मीही तेच केलं असतं. मीही तेच केलं. रडू नकोस. रडून त्याचा एक दिवस तरी कमी होणार आहे का? ऐक, उद्या पहिल्या गाडीनं पुण्याला येते मी. तुझी फाईल काढून ठेव. आपण दोघी जाऊ त्याच्याकडं, तुरुंगात, परत विचारू. या वेळी कागदच न्यायचा नाही बरोबर. नुसतं ऐकायचं.

…काय?… बैल? कसला बैल?… थांब, हळू बोल, रडताना कळत नाहीये मला. पुढं बैलाचं सांगत होता?… तुला वाटलं विषय सोडून बोलतोय… म्हणून नाही लिहिलंस. 'इतर माहिती' मध्येही नाही?… या अल्ला.

शुभ्रा, इकडं लक्ष दे. दरडीवर बैल होता का त्यांच्याबरोबर? बैल बिथरला म्हणाला का तो?… "बैलानं" म्हणाला की "बैलाला"?… आठव गं. असं कसं आठवत नाही? तू समोर बसली होतीस ना त्याच्या! मॅडम येतायत तर येऊ देत, तू फोन ठेवू नकोस. ठेवू नकोस हं, शुभ्रा. मला एवढं सांग, बैलानं काय केलं म्हणाला तो?… हॅलो?… शुभ्रा?… हॅलो?